मावळातल्या तरुणाने गाथा का वाचू नये? काही आक्षेपांचा समाचार

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातल्या दोन मावळी तालुक्यांत एखाद्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, सभासदाची बखर किंवा हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या आवडीने वाचायला घेतल्या, की शेरे सुरू होतात. ‘हे म्हातारपणी वाचायचे ग्रंथ’, ‘ती भाषा आता कळते कोणाला?’, ‘ते आपले साहित्यच नव्हे’, ‘याने नोकरी लागणार आहे का?’ आणि सगळ्यांत शेवटी, ‘शायनिंग मारतोय नुसता’. घरची मंडळी, मित्र, मास्तर, चळवळीतले कार्यकर्ते आणि करिअरचे सल्लागार यांचे एरवी एकमेकांशी पटत नाही. या एका बाबतीत मात्र त्यांचे एकमत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हा सत्कार झाले, पेढे वाटले गेले. या भाषेतले अभिजात ग्रंथ तरुणांनी उघडून वाचावेत, ही अपेक्षा त्या गजरात फारशी ऐकू आली नाही.

हे सगळे आक्षेप सारख्या वजनाचे नाहीत. त्यांतला एक खरोखर गंभीर आहे, एक अर्धा खरा आहे आणि बाकीचे केवळ सवयीने बोलले जातात.

वयाचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रचनेचा शक १२१२ दिलेला आहे. म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ मधला धरला तर ग्रंथ पुरा झाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि दुसऱ्या मताप्रमाणे शके ११९३ मधला धरला तर एकोणीस. कोणताही शक घेतला तरी विशी गाठलेली नव्हती. ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये वाचकांपुढे आली तेव्हा हरिभाऊ एकविशीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला काढली तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडलेली नव्हती. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तीही त्यांच्या पंचविशीतच. मराठीतल्या ‘म्हातारपणी वाचायच्या’ पुस्तकांपैकी बरीचशी तरुणांनी लिहिलेली आहेत.

अर्थात लेखक तरुण होता म्हणून वाचकही तरुण असलाच पाहिजे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा वाचकांचाच दाखला घ्यावा, आणि त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. भोरहून मांढरदेवचा घाट ओलांडला की वाई. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले तेव्हा त्यांचे मिसरूडही फुटलेले नव्हते. पुढे ‘तर्कतीर्थ’ झालेल्या आणि मराठी विश्वकोशाची उभारणी केलेल्या या माणसाची प्राचीन ग्रंथांशी झुंज त्या वयात सुरू झाली. विनोबा भावे १९१७ मध्ये गांधींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन याच वाईत संस्कृत वाचायला आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांचे मंडळ काढले, मुलांसह जात्यावर लोकांचे धान्य दळून दिले आणि त्या दळणाच्या पैशांतून सुमारे चारशे पुस्तकांचे वाचनालय उभे केले. ही मुले वयाने लहान आहेत, त्यांना हे झेपणार नाही, असे तेव्हाही कोणी म्हटले असेल. दळणारी मुले ते ऐकत बसली नाहीत.

वयाच्या आक्षेपात आणखी एक विसंगती आहे, आणि पुढचे बहुतेक सगळे आक्षेप तिच्यातूनच निघतात. मावळातल्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतात. त्यात पारायण होते, संध्याकाळी हरिपाठ होतो आणि टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या पोरासोरांना तो तोंडपाठ असतो. आठ वर्षांच्या मुलीने ज्ञानदेवांचा हरिपाठ खणखणीत म्हटला तर आजी तिची दृष्ट काढते. तीच मुलगी अठराव्या वर्षी गाथा घेऊन कोपऱ्यात बसली, एका अभंगावर अडली, दुसऱ्याशी भांडली, तिसरा पटला नाही असे म्हणाली, तर घराला काळजी वाटू लागते. म्हणजे हरकत ग्रंथाला नाही आणि वयालाही नाही. तरुणांनी हे ग्रंथ म्हणावेत, डोक्यावर घ्यावेत, पालखीत मिरवावेत, इथपर्यंत सगळ्यांना चालते. एकट्याने, मनाशी प्रश्न धरून वाचायला घेतले की ते चालत नाही.

गडांच्या बाबतीत नेमके हेच दिसते. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यात आहेत. अलीकडे या तालुक्याचे नावही राजगड करण्यात आले आहे. रायगडावर जाण्यापूर्वी शिवाजी महाराजांचा कारभार सुमारे पाव शतक राजगडावरून चालला. शनिवार-रविवारी पाली आणि गुंजवणे या पायथ्याच्या गावांत गाड्या लावायला जागा मिळत नाही. गडावर घोषणा होतात, चित्रफिती होतात. ज्या गद्यातून हा काळ कळतो, ते गद्य मात्र तरुणांना ‘जड’ ठरवून बाजूला ठेवले जाते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली बखर शंभर-सव्वाशे पानांत आटोपते. सुट्टीतल्या दोन दुपारी तिला पुरतात.

इथे भाषेचा आक्षेप येतो, आणि तो अर्धा खरा आहे. तेराव्या शतकातली क्रियापदे आज कोणाच्या तोंडी नाहीत. बखरीत आणि आज्ञापत्रात फारसी शब्द पावलोपावली येतात. टिपा आणि शब्दकोश हाताशी नसतील तर चांगला वाचकही चौथ्या पानावर पुस्तक मिटतो. एवढे मान्य केले पाहिजे. पण हा आक्षेप घेणारे गृहीत धरतात की ही भाषा सर्वांपासून सारख्याच अंतरावर आहे आणि खेड्यातल्या मुलापासून जरा जास्तच. ते खरे नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातले क्षेत्राचे, म्हणजे शेताचे, विस्तृत रूपक शहरी वाचकाला तळटिपेतून समजून घ्यावे लागते. भाताचे तरवे टाकणे, लावणी, चिखलणी, बांध, खाचरातल्या पाण्याची वाट, डोंगरउतारावरची नाचणी-वरई हे सगळे पायाखाली असलेल्या मुलाला त्यातले निम्मे आधीच कळलेले असते. तुकोबांच्या अभंगांतली मापे, दाण्यांची रास, सावकाराचे कर्ज, वाण्याचा व्यवहार ही सगळी सामग्री मावळातल्या बाजाराच्या गावाला नवी नाही. शब्द अडतो, वस्तू अडत नाही. शहरात बहुधा उलटे असते.

ऐतिहासिक गद्यात तर या तालुक्यांतल्या वाचकाची बाजू आणखी भक्कम होते. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे ही नावे पुण्या-मुंबईच्या वाचकाला नकाशात शोधावी लागतात. इथे ती एसटीच्या वाटेवर आहेत. भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक जुनी शकावली जपून ठेवलेली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये उजेडात आणली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. त्यावर अनेक दशके वाद चालला आणि आज राज्य सरकार १९ फेब्रुवारी ही जी तारीख पाळते, तिच्या मुळाशी ही नोंद आहे. शकावली म्हणजे सनावळी. तिच्यात वाक्यांचा डौल नाही, वर्णनांचा थाट नाही. पण कारीच्या किंवा रोहिड्याच्या पायथ्याच्या बाजारवाडीच्या मुलाला आपल्या गावाचे नाव सतराव्या शतकाच्या मजकुरात भेटते, तेव्हा त्या कोरड्या ओळी वाचण्याचे कारण त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

भोर शहराचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हे पंतसचिवांचे संस्थान होते. अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, काम राजपत्रांचा मजकूर तपासून त्यातले अधिकउणे दुरुस्त करण्याचे असे. मजकूर बारकाईने वाचणे हा ज्या पदाचा धर्म होता, त्या पदाच्या गादीचे हे गाव. आज त्यांचा राजवाडा लोकांना मुख्यतः चित्रपटांतून ठाऊक आहे. त्याला कोणाचा इलाज नाही, पण तिथल्या मुलांना जुना मजकूर परका आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. विसाव्या शतकातही हा परिसर साहित्याबाहेर राहिलेला नाही: गो. नी. दांडेकरांची ‘वाघरू’ राजगडाच्याच अंगाखांद्यावर घडते.

आता गंभीर आक्षेप. ‘हे आपले साहित्य नव्हे’ असे म्हणणारे सगळे आळशी नसतात. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला अभिजात म्हणतात त्यातले बरेचसे ठरावीक जातींच्या हातून, ठरावीक जातींसाठी झाले. बहुजन आणि दलित तरुणाने त्यापुढे मान का तुकवावी? या म्हणण्याला पुरावा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे घोटावे, दोन ओळींत अंतर किती सोडावे, शाई आणि कागद कसे असावेत, याचे इतके नेमके विवेचन जुन्या मराठीत क्वचितच सापडते. पण तो समास बोलतो ब्राह्मणाला उद्देशून. सुंदर अक्षर कोणी काढायचे हे पहिल्याच ओवीत ठरून जाते. हे झाकून समर्थांचे गोडवे गाणाऱ्यांनी तरुण वाचकाचे भले केलेले नाही.

तरीही या पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष, म्हणजे ‘म्हणून वाचू नये’, हा चुकीचा आहे. आणि तो चुकीचा का, हे ज्यांना या ग्रंथांपासून दूर ठेवले गेले त्यांनीच दाखवून दिले आहे. १८५५ मध्ये ज्ञानोदय पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता ही फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आम्हांला ग्रंथच उरला नाही, आम्ही धर्मरहित आहोत, अशा आशयाचा तिचा सरळ सवाल होता. ग्रंथ कोणाचा, हा प्रश्न मराठीत इतक्या धारदारपणे पहिल्यांदा विचारला तो एका शाळकरी मुलीने. ‘तुमचे ग्रंथ तुम्हांला लखलाभ’ एवढेच म्हणून ती थांबली नाही. ग्रंथांवरच्या मालकीच्या दाव्यातली खोट तिने चव्हाट्यावर आणली.

भोरहून वरंध घाट उतरणारा रस्ता महाडला जातो. त्या घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ आहे. दासबोध तिथे सिद्ध झाला असे समर्थ संप्रदाय मानतो, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढल्यापासून तिथे अभ्यासकांची आणि भाविकांची ये-जा आहे. त्याच रस्त्याच्या टोकाला महाडचे चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे पाण्याचा हक्क बजावला गेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि त्या पत्राच्या शिरोभागी होत्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. त्याआधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. याच बाबासाहेबांच्या उपस्थितीत १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. एकाच वर्षात, एकाच लढ्यात, एक ग्रंथ अग्नीला दिला गेला आणि दुसऱ्यातल्या ओळी ध्वजासारख्या वर धरल्या गेल्या. हा निवाडा करायला दोन्ही ग्रंथ वाचलेले असावे लागतात. न वाचणाऱ्याला ना जाळण्याचा अर्थ कळतो, ना उचलून धरण्याचा.

बाबासाहेबांचे वाचन आकाशातून पडलेले नव्हते. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात संतांची पदे म्हटली जात आणि रामायण-महाभारताचे वाचन मुलांकडून करून घेतले जाई. मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले. त्या भेटीचे पुढे काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिवाय अभिजाताची यादी काही पेशवाईत बंद झालेली नाही. चोखोबा आणि जनाबाई तिच्यात आहेतच. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’, बाबूराव बागुलांच्या कथा हेही आज त्याच कपाटातले ग्रंथ आहेत. ‘आपले साहित्य नव्हे’ म्हणणारा बहुधा ही यादी तिशी-चाळिशीच्या शाळामास्तरांच्या आठवणीतून उचलतो आणि तिच्याशीच भांडतो.

उपयुक्ततेच्या आक्षेपाला एक सोपे उत्तर उपलब्ध आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, आणि त्याच्या अभ्यासक्रमात स्मृतिस्थळापासून नामदेवांच्या अभंगांपर्यंत आणि ‘असूडा’पासून उद्धव शेळक्यांच्या ‘शिळान’पर्यंत ग्रंथ नेमलेले आहेत. तालुक्याच्या अभ्यासिकेत चालू घडामोडींच्या मासिकांवर मान मोडणाऱ्यांना हे ठाऊक असायला हरकत नाही. पण या उत्तरावर विसंबणे हिताचे नाही. त्याचा अर्थ असा होतो की आयोगाने उद्या तो विषय वगळला तर गाथा वाचण्याचे कारण संपले. आवडीचे समर्थन नोकरीने करायला लागले की आवड हरलीच. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला रणजी संघात निवड होईल का, असे रोज संध्याकाळी कोणी विचारत नाही. शंकरपटाला, कुस्तीला, ढोलपथकाला हा प्रश्न नसतो. वाचनालाच तो विचारला जातो, कारण वाचन हे शाळेचे काम आहे आणि शाळेचे काम म्हणजे मार्क, ही समजूत घट्ट बसलेली आहे.

त्या समजुतीला शाळेनेही खतपाणी घातले आहे. पाठ्यपुस्तकात अभिजात ग्रंथ वेच्याच्या रूपाने येतात: चार ओव्या, एक अभंग, कादंबरीतले दीड पान. त्याखाली कृती. आकृतिबंध पूर्ण करा, योग्य जोड्या लावा, काव्यसौंदर्य लिहा. मार्गदर्शकात उत्तर तयार असते. दहा वर्षे हे केलेल्या मुलाला तुकोबा ही चार गुणांची कृती वाटली तर नवल नाही. नवल याचे, की त्यातूनही काही जण अख्खा ग्रंथ शोधत येतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, त्या दिवशी अशांपैकी एखाद्याला व्यासपीठावर बोलावून ‘आजकालच्या पिढीत हे दुर्मीळ’ म्हणून शाल घातली जाते. हा कौतुकाचा प्रकारही शेऱ्यांइतकाच घातक आहे. दुर्मीळ म्हटले की बाकीच्यांनी वाचायची गरज उरत नाही.

‘शायनिंग’च्या आरोपावर फार शब्द खर्चायला नकोत. दिखाव्याला प्रेक्षक लागतो. वाडीवस्तीवर गाथा हातात धरल्याने कोणाचे वजन वाढत नाही. वाढवायचेच असेल तर मोटारसायकल त्याहून सोपी.

राहिला खरा अडथळा, तो म्हणजे पुस्तक मिळण्याचा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार गावातले ग्रंथालय सरकार स्वतः उघडत नाही. स्थानिक मंडळींनी संस्था उभी करायची, सभासद, पुस्तके आणि नियतकालिके जमवायची, मान्यता मिळवायची. मग अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान मिळते. दाट वस्तीच्या गावाला हे जमते. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५५,००० च्या आतबाहेर होती आणि तीही डोंगरउतारांवरच्या, धरणांच्या पाण्याने वेगळ्या झालेल्या वाड्यांत विखुरलेली. तिथे सभासदसंख्येच्या कसोटीवर ग्रंथालय टिकणे कठीण. उरतो पुण्याचा रस्ता: भोरहून कापूरहोळमार्गे किंवा वेल्ह्याहून नसरापूरवरून हमरस्त्याला लागायचे आणि आप्पा बळवंत चौक गाठायचा. एका पुस्तकासाठी एक दिवस आणि एसटीचे भाडे.

आता महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतात, हे मोठेच काम झाले आहे. पण जुन्या ग्रंथाला नुसती फाइल पुरत नाही. त्याला पाठभेद पारखलेली प्रत, प्रत्येक पानाखाली टिपा, मागे शब्दसूची आणि अडल्यावर विचारायला माणूस लागतो. एकोणिसाव्या शतकात गाथेची चिकित्सक प्रत छापण्यासाठी तेव्हाच्या सरकारने २४,००० रुपये दिले होते आणि तिच्यातून इंदुप्रकाश छापखान्याचे दोन खंड १८६९ ते १८७३ या काळात निघाले. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने तीच प्रत पुन्हा छापून स्वस्तात विकली. विशीतल्या वाचकासाठी मुद्दाम टिपा घातलेल्या सभासद बखरीच्या, जेधे शकावलीच्या किंवा ‘असूडा’च्या स्वस्त आवृत्त्या तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत पोहोचवायला त्याहून मोठी यंत्रणा लागत नाही. त्या तिथे पोहोचेपर्यंत, तरुणांकडून या पुस्तकांना मागणी नाही असा निर्वाळा देवघेवीच्या नोंदवहीवरून देण्याला आधार नाही. कपाटात नसलेल्या पुस्तकाची नोंद त्या वहीत होतच नाही.